दोन दोऱ्यांचं पुस्तक

"हे पुस्तक?" बाइंडरीणबाईंनी विचारलं. ते असं विचारलं, की भाचीने पुढे केलेला हात अर्ध्यावरच थांबला.

ती वस्तू टेबलावर पडली होती. काळी, चपटी, गुळगुळीत. बाईंच्या मांडीवर एका जाडजूड कादंबरीचे सुटे फर्मे, म्हणजे घडी घातलेल्या पानांचे जुडगे होते. स्वतःच्याच वजनाने कणा मोडलेली ती घरची कादंबरी त्या नव्याने बांधायला बसल्या होत्या. त्यांनी सुईच्या टोकाने त्या वस्तूला ढोसलं, मेलेल्या झुरळाला ढोसावं तसं.

"ना कणा, ना शिवण. ना खळ, ना पुठ्ठा. अगं, ही तर पाटी!"

"ई-रीडर म्हणतात मावशी. हजारभर पुस्तकं मावतात यात."

"गोदामातही मावतात. म्हणून गोदामात जाऊन कुणी वाचत बसतं का?"

खिडकीजवळच्या खुर्चीतून कंपाउंडर हसले. बाईंचे हे यजमान. दवाखान्यातली नोकरी संपून वर्षं झाली, तरी गल्ली त्यांना कंपाउंडरच म्हणे. "बाळ, मी जन्मभर डॉक्टरांची अक्षरं वाचली. मुंगीने शाईत पाय बुडवून कागदावर नाच केला, तरी मी बरोबर बाटली काढून देईन. आणि मला तू पाटी दाखवतेस?"

"यात अक्षर मोठं करता येतं, काका."

"मोठं अक्षर बालवाडीत," बाई म्हणाल्या.

यावरही कंपाउंडर हसले, पण जरा उशिरा.

भाची समंजस होती. मावशीच्या जिभेला लहानपणापासून ओळखून होती. "रविवारपर्यंत राहू दे," ती म्हणाली. "तोवर दुकानात परत करता येतं. नको असेल तर रविवारी घेऊन जाईन. तुमची हीच कादंबरी घातलीय त्यात, उगाच म्हणून बघा."

ती गेली, पण बाईंचं तोंड थांबेना. शिवताना गुणगुणायची त्यांची जुनी सवय होती:

सुईबाई सुईबाई, घडीघडीतून चाल,
सुट्या सुट्या पानांना एका घरात घाल.

त्या दिवशी सुईला सोडून त्यांनी पाटीलाच धरलं:

पाटीबाई पाटीबाई, ना पाठ ना पोट,
पान उलटायला गेले, घसरलं माझं बोट!

"वा!" कंपाउंडर म्हणाले. बाई आणखी फुलल्या. एक फर्मा उचलत होत्या, एक टोमणा मारत होत्या. फर्मे शिवण्याआधी त्यांचा क्रम एकदा बोटाने तपासून घ्यायचा, हे त्यांच्या हाताला इतकं पाठ होतं, की आपण ते केलं की नाही हे त्यांनी पाहिलंच नाही. संध्याकाळपर्यंत कादंबरी शिवून झाली. पाटी गेली भांड्यांच्या कपाटात, किसणीच्या शेजारी.

या घरात वाचायची एक रीत होती. पुस्तक एक, वाचणारी दोघं, म्हणून प्रत्येक पुस्तकाला बाई दोन दोरे लावत, निळा त्यांचा, तांबडा कंपाउंडरांचा. सकाळी बाई वाचत, दुपारी कंपाउंडर. मागे राहील त्याने चिडवून घ्यायचं आणि पुढे असेल त्याने तोंड मिटून बसायचं. दुसऱ्याच्या दोऱ्यापलीकडचं सांगायचं नाही. लग्न झालं तेव्हा एकमेकांशी काय बोलावं हे दोघांनाही कळत नव्हतं. ते बोलणं या दोऱ्यांनीच सुरू करून दिलं होतं. भांडून अबोला धरला, तरी संध्याकाळी कुणीतरी विचारायचंच, "कुठवर आलात?"

नव्या बांधणीची कादंबरी बाईंनी झपाट्याने वाचायला घेतली. आणि एका सकाळी त्यांचं बोट पानावरच थिजलं.

कथेतला थोरला भाऊ तापाने मेला होता. घर रडून रडून दमलं होतं. पान उलटलं, तर तोच थोरला भाऊ धाकटीच्या लग्नात अंगरखा सावरत नाचत होता. बाईंनी पानाचा आकडा पाहिला, मागचा पाहिला, आणि कानशिलं तापली. फर्मे मागेपुढे शिवले गेले होते. त्यांच्या हातून! पाटीला कणा नाही म्हणून गाणी रचत असताना पुस्तकाचाच कणा त्यांनी वाकडा केला होता.

आता कंपाउंडर सोडणार नाहीत. एकदा मुखपृष्ठावर खळीचा ठिपका राहिला होता, त्यावरून चिडवत त्यांनी एक अख्खा पावसाळा काढला होता. बाईंनी मनातल्या मनात उत्तरं घासून ठेवली आणि वाट बघितली.

तांबडा दोरा मृत्यूपाशी आला. मृत्यू ओलांडून गेला. लग्नही ओलांडून गेला. कंपाउंडर पुस्तक मिटून खिडकीबाहेर बघत बसले.

"कुठवर आलात?" बाईंनी विचारलं.

"आलो बराच. छान चाललंय."

"थोरला भाऊ गेला ना?"

"हो गं. वाईट झालं. चांगला माणूस होता."

"आणि लग्नात काय नाचला!"

"नाचला, नाचला. छानच नाचला."

"मेल्यावर?"

कंपाउंडर तांबडा दोरा बोटाला गुंडाळू लागले.

बाईंना आधी संताप आला. माणूस पान न वाचता दोरा सरकवतो! जन्मभर वाचनाचा तोरा मिरवणारा हा माणूस रिकाम्या पुड्या बांधणाऱ्या दुकानदारासारखा निघाला. "ढोंगी!" त्या म्हणाल्या. "पुस्तक मांडीवर घेऊन झोपा काढता आणि मला 'छान' म्हणता?"

"झोपत नाही," कंपाउंडर हळू म्हणाले. "तुझा दोरा बोटाला लागतो. त्याच्या अलीकडे थोडी पानं सोडून माझा ठेवतो. मागचं पुस्तकही असंच केलं. अक्षरं दिसत नाहीत गं. ओळी नुसत्या वळवळतात. डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन आलो, चष्म्याने भागणार नाही म्हणाला."

"आणि मला सांगितलं नाहीत?"

"सांगितलं असतं, तर तू तुझा दोरा काढून ठेवला असतास. माझ्याशिवाय पुढे वाचणारी नाहीस तू."

हे इतकं खरं होतं, की बाईंना त्याचाच राग आला. नजर भांड्यांच्या कपाटाकडे गेली. "मग ती पोर अक्षर मोठं होतं म्हणाली, तेव्हा बोलला का नाहीत? वर मलाच 'वा' म्हणालात!"

"तू बालवाडी म्हणालीस," कंपाउंडर म्हणाले. "त्यानंतर कुठल्या तोंडाने मागू?"

बाई उठल्या. त्यांनी कपाट असं उघडलं, की किसणी खाली पडली. पाटी पदराने पुसली, म्हणजे जवळजवळ खरवडलीच. भाचीने दाखवलेलं काहीच नीट ऐकलं नव्हतं, त्यामुळे आधी ती बंद झाली, मग उलटी झाली, मग कुठल्यातरी परक्या भाषेत गेली. "मेली अक्कलशून्य!" बाई पुटपुटत राहिल्या. शेवटी अक्षरं मोठी झाली, आणखी मोठी झाली, इतकी की एका पानावर दोनतीन वाक्यं जेमतेम उरली. त्यांनी ती यजमानांच्या मांडीवर आदळली.

"घ्या. वाचा बालवाडीतलं."

कंपाउंडरांनी पाटी डोळ्यांपुढे धरली. ओठ हलले. मग एक बोट पुढे सरकलं आणि पान बदललं. मग आणखी एक बदललं. बाई किसणी उचलायच्या निमित्ताने तिथेच घुटमळत राहिल्या.

रविवारी भाची आली. "नेऊ ना परत?"

"राहू दे."

"आवडलं तर मग!"

"आवडायला आहे काय त्यात?" बाई कडाडल्या. "वास नाही, वजन नाही. हातात धरलं की ताटली धरल्यासारखं वाटतं. असल्या वस्तूला मी माझ्या कपाटात पुस्तकांशेजारी उभीसुद्धा राहू देणार नाही. खुर्चीपाशीच पडू दे तिला."

भाची हसू दाबत होती, तेवढ्यात खिडकीजवळून आरोळी आली.

"अगं ए बाइंडरीणबाई! इथे थोरला भाऊ आधी नाचतो, मग मरतो! तू फर्मे उलटेपालटे शिवलेस? पाटीला कणा नाही म्हणत होतीस ना? अगं, तुझ्या कण्याने मेलेली माणसं नाचायला लागली! हे तुझं दुकान इतकी वर्षं चाललं तरी कसं?"

भाची गडबडून मावशीकडे बघू लागली. मावशीचे कान लाल झाले होते आणि सगळा चेहरा उजळला होता. घासून ठेवलेली उत्तरं त्यांनी तशीच राहू दिली.

"ओरडू नका," त्या म्हणाल्या. "कुठवर आलात?"

"तुझ्या पुढे! लग्न झालं, भाऊ गेला, आणि आता ती धाकटी—"

"पुढचं सांगायचं नाही!" बाईंनी कात्री उचलली आणि कादंबरीची शिवण उसवायला बसल्या. "माझा दोरा मागे आहे."