भूतकाळाची चूक

बाई दोनदा नापास झाल्या होत्या, म्हणून या खेपेला वहिनीने लगाम आपल्या हातात घेतला. हायस्कूलमध्ये इंग्रजी शिकवायला कायमची नेमणूक हवी तर पात्रता परीक्षा पास व्हायलाच लागते, आणि बाई अजून तात्पुरत्याच होत्या. भाऊ कामानिमित्त परगावी असे. त्यामुळे संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी नणंद-भावजय सराव प्रश्नांचं जाडजूड पुस्तक उघडून बसत. वहिनी भाजी निवडता निवडता प्रश्न वाची, आणि उत्तर चुकलं की चमचा ताटलीवर आपटे.

"तू शिकवतेस की शिकतेस गं?"

"दोन्ही. म्हणून तर कुठलंच धड होत नाही."

शाळेत बाई नववीच्या वर्गाला इंग्रजी बोलण्याचा सराव देत होत्या. एकेकाने उभं राहायचं आणि घरातल्या माणसाबद्दल चार वाक्यं बोलायची. त्या दिवशी खिडकीजवळची मुलगी उठली. उंच, किडकिडीत, सगळा वर्ग तिला पेन्सिल म्हणायचा. तिचे वडील शाळेचीच व्हॅन चालवत. माणूस वेळेला पक्का, बोलायला गोड. त्यांचं नाव काढलं की पालकांपासून शिपायापर्यंत सगळे "हिऱ्यासारखा माणूस" म्हणत.

"माय फादर इज अ ड्रायव्हर," पेन्सिल म्हणाली. "ही ड्राइव्ह्ज अ व्हॅन. माय मदर वॉज टॉल. शी लाफ्ड लाउडली."

"वॉज नाही, इज," बाई म्हणाल्या. "अगं, आई आहे ना तुझी?"

पोरं खिदळली. पेन्सिलने मान खाली घातली. "इज," ती पुटपुटली. आणि लगेच पुढचं वाक्य, "शी वॉज व्हेरी काइंड."

बाईंनी पुन्हा दुरुस्त केलं. तिची आई त्यांनी पाहिलेली होती. शाळा उघडली तेव्हा फाटकाशी उभी राहून खळखळून हसत होती. आता ती भावाकडे गेली आहे, तिथे कुणाचं तरी आजारपण चाललंय, असं व्हॅनवाल्यांनीच सगळ्यांना सांगितलं होतं.

बाईंचं घर व्हॅनच्या वाटेवर, अगदी शेवटी. संध्याकाळी एकेक पोर उतरत गेलं आणि मागच्या सीटवर पेन्सिल, पुढे व्हॅनवाल्यांशेजारी बाई, एवढेच उरले. काहीतरी बोलायचं म्हणून बाई बोलल्या.

"पोरगी हुशार आहे हो तुमची. फक्त एक खोड आहे. आईबद्दल बोलताना सगळं भूतकाळात बोलते. घरी जरा सराव घ्या."

व्हॅनवाल्यांनी वळणाआधी इंडिकेटर लावला. तो टिकटिकत राहिला. वळण येऊन गेलं तरी त्यांनी तो बंद केला नाही.

"काय काय म्हणाली?"

"काही नाही हो, साधंच. उंच होती, मोठ्याने हसायची."

"होती," ते म्हणाले. मग हसले. "घेतो ना. चांगला सराव घेतो."

आरशात पेन्सिलचे डोळे बाईंवर खिळले होते. तक्रार केली म्हणून पोरगी रुसली, असं बाईंना वाटलं.

पुढच्या तासाला पेन्सिल हात वर न करताच उभी राहिली. "माय मदर इज टॉल. शी इज ॲट माय अंकल्स हाउस. शी इज हॅपी देअर. शी विल कम बॅक सून." मध्ये श्वास नाही, एक चूक नाही. आवाज मात्र घोगरा, जुन्या बिजागरीसारखा. पोरांनी टाळ्या वाजवल्या. बाईंनीही वाजवल्या.

"घसा बसलाय का गं?"

उत्तर शेजारणीने दिलं. "बाई, तिच्या बाबांनी शंभरदा म्हणवून घेतलं तिच्याकडून."

पेन्सिलने बाकाची कड दोन्ही हातांनी धरली होती. बोटांची टोकं पांढरी पडली होती. टाळ्या वाजवणारे हात बाईंनी खाली घेतले.

त्या संध्याकाळी वहिनीने नेहमीसारखं पुस्तक उघडलं. "ऐक. एक विद्यार्थिनी एकाच व्यक्तीबद्दल बोलताना सतत भूतकाळ वापरते. बाकी वाक्यांत तिचे काळ अचूक असतात. शिक्षकाने प्रथम काय करावे? एक, चूक तिथल्या तिथे सुधारावी. दोन, नियम फळ्यावर लिहावा. तीन, पालकांना सांगून घरी सराव करून घ्यावा. चार, तिला काय म्हणायचे आहे ते आधी विचारावे." तिने मान वर केली. "हे तर कुणीही सांगेल, चार. अगं, गप्प का?"

बाईंच्या कानात 'माय फादर इज अ ड्रायव्हर' हे वाक्य वाजत होतं. बापाला इज. आईलाच तेवढं वॉज.

"वहिनी," त्या म्हणाल्या, "मी एक नंबरचंही केलं आणि तीन नंबरचंही केलं." मग त्यांनी सगळं सांगितलं. वहिनीच्या हातातली शेंग तशीच राहिली.

सकाळी बाई मुख्याध्यापकांकडे गेल्या. त्यांनी ऐकून घेतलं आणि चष्मा पुसला. "परीक्षेने डोकं फिरलंय तुमचं, बाई. व्याकरणाच्या चुकीवरून माणसाला फासावर चढवता? इतकी वर्षं आपली लेकरं त्या माणसाच्या हवाली करतोय आपण."

मधल्या सुट्टीत बाईंनी पेन्सिलला खेळाच्या सामानाच्या खोलीत नेलं. खिडकीतून अंगण दिसत होतं. व्हॅनवाले फडक्याने काच पुसत होते, हळूहळू, गोल गोल.

"आता बरोबर म्हणते ना मी, बाई?"

"इंग्रजी राहू दे. आपल्या भाषेत सांग. आई कुठे आहे?"

"मामाकडे." पेन्सिलने खिडकीकडे पाहिलं. मग इतकं हळू बोलली की बाईंना वाकावं लागलं. "आईचा चष्मा घरीच आहे. चष्म्याशिवाय तिला जिनासुद्धा उतरता येत नव्हता." बाईंचा पदर तिने मुठीत धरला. "बाबांना सांगू नका हं. मागच्या वेळी सांगितलंत तुम्ही."

बाईंनी घरी फोन लावला. वहिनीने पुरतं ऐकूनही घेतलं नाही. "मुख्याध्यापक गेले खड्ड्यात. मी निघाले पोलीस चौकीवर. तू फक्त पोरीला त्या व्हॅनमध्ये चढू देऊ नकोस."

शाळा सुटली. बाकीची मुलं व्हॅनमध्ये जाऊन बसली आणि पेन्सिलला बाईंनी वर्गात थांबवून घेतलं. थोड्या वेळाने दारात किल्ल्या वाजल्या.

"बाई, उशीर होतोय."

"तोंडी परीक्षा आलीये. जरा तयारी घेते तिची. तुम्ही मुलांना सोडून या ना, मी आहे."

"मुलं थांबतील." व्हॅनवाले आत आले आणि शेवटच्या बाकावर बसले. गुडघे बाकात मावत नव्हते. किल्ल्यांचा जुडगा त्यांनी समोर ठेवला. "घ्या की. मीही ऐकतो."

बाई पेन्सिलकडे वळल्या. त्यांनी शाळेबद्दल विचारलं, झाडांबद्दल विचारलं. पेन्सिल घोगऱ्या आवाजात उत्तरं देत गेली. बाहेर पोरांनी हॉर्न वाजवायला सुरुवात केली होती.

"आईचं विचारा ना," मागून आवाज आला. "त्याचाच तर सराव घेतलाय."

बाईंनी विचारलं नाही.

"मग मला विचारा. थोडं येतं मलाही." ते उठले, एकेक बाक ओलांडत पुढे आले आणि लेकीच्या खांद्यावर हात ठेवला. "माय वाइफ इज हॅपी. बरोबर आहे ना, बाई? काळ चुकला का कुठे?"

बाई मुलीच्या आणि त्यांच्या मध्ये शिरल्या. त्यांनी तो पंजा खांद्यावरून उचलला. "मला काय विचारता?" त्या म्हणाल्या. "तुम्हालाच ठाऊक."

ते बाईंकडे बघत राहिले. चेहऱ्यावरचं हसू हललंही नाही. मग व्हरांड्यात बुटांचा आवाज आला आणि त्यापुढे वहिनीच्या चपलांचा फटफटाट. दारात दोन पोलीस उभे राहिले. व्हॅनवाल्यांनी मागे जाऊन बाकावरच्या किल्ल्या उचलल्या आणि बाईंच्या हातात दिल्या. "पोरं खोळंबलीत," ते म्हणाले, "कुणीतरी सोडा त्यांना."

घराच्या मागच्या बाजूला पाण्याची जुनी टाकी होती. ती अलीकडेच बुजवून वर फरशी बसवली होती. पोलिसांनी ती उकरली, आणि पेन्सिलची आई तिथे सापडली. मामाला तर बहीण आपल्याकडे येणार होती हेही माहीत नव्हतं. मुख्याध्यापक आठवडाभर रजेवर गेले. परत आले ते बाईंशी नजर टाळूनच बोलू लागले.

त्या वर्षी बाई परीक्षा पास झाल्या. वहिनीने शेजारीपाजारी सांगितलं, पण घरात त्यावर दोघी फारसं बोलल्या नाहीत.

पेन्सिल मामाबरोबर शाळेचा दाखला न्यायला आली तेव्हा बाई तिला फाटकापर्यंत सोडायला गेल्या. मनात बरंच काही घोकून ठेवलं होतं.

"बाई," मुलगीच म्हणाली, "त्या दिवशी व्हॅनमध्ये तुम्ही बोलल्यावर घरी काय झालं, ते कोर्टात सांगावं लागेल का?"

"विचारतील तर सांगावं लागेल."

"तुम्ही समोर असाल?"

"तू म्हणशील तसं."

मामा पलीकडच्या फुटपाथवरून हाक मारत होता.

"मग नका येऊ," ती म्हणाली, आणि दोन्ही बाजूंना नीट बघून रस्ता ओलांडून गेली.