कंटाळ्याचा रकाना

वडिलांना जाऊन तीन महिने झाले, तरी त्यांचा फोन वाजायचा थांबेना. उद्या सोमवारी ते सिमकार्ड बंद करायचंच, असं दर्शनाने ठरवून टाकलं होतं.

कोपरीच्या शाळेतून निवृत्त झाल्यापासून गोपीनाथसर घराच्या या दोन खोल्यांत बसून बारावीच्या मुलांना पुढची वाट शोधायला मदत करत. फुकट. सल्ला मात्र कधी देत नसत. मुलाच्या मनातली तीन कामं विचारायची आणि ती करणाऱ्या तीन माणसांकडे त्याला एकेक पूर्ण दिवस बसायला पाठवायचं. परत आलं की प्रश्न एकच, ‘तिथे कंटाळा कशाचा आला?’ आवडलं काय, हे ते विचारतच नसत. पहिल्या दिवशी सगळंच आवडतं, म्हणायचे. कुठल्याही कामात बारा आणे कंटाळा असतो, तो सोसवणारा हवा. त्यांच्या वहीत नाव, तीन कामं आणि शेवटी ‘कंटाळा’ असा रकाना असे.

दर्शनाला या सगळ्याचा वीट आला होता. फोन उचलून ‘सर गेले’ म्हणावं, तर पलीकडून ‘अरेरे’ यायचं आणि अर्ध्या मिनिटाने, ‘मग ताई, डेटा सायन्सला स्कोप आहे का?’

रविवारी दुपारी साडेचारला बेल वाजली. दारात पोपट भोईर, सरांचा जुना विद्यार्थी. कोपरीतल्या वडिलोपार्जित जमिनीवर आता त्याच्या दोन इमारती उभ्या होत्या. मागे त्याची मुलगी करिश्मा.

“ताई, इंजिनिअरिंगचा फॉर्म आज पाचला बंद होतोय. सर बोललेले, भरायच्या आधी मला दाखव. ते तर गेले. तुम्ही बघून घ्या आणि बरोबर हाय म्हणा.”

“बघायच्या आधीच बरोबर म्हणू?”

“बघा ना. चुकलंय कुठे?”

दर्शनाने यादी पाहिली. बत्तीस कॉलेजं, सगळीकडे कॉम्प्युटर. क्रम मात्र असा, की चांगलं कॉलेज एकोणिसावं आणि ज्याचं कुणी नाव ऐकलं नव्हतं ते पहिलं.

“हा क्रम कशावरून लावलात?”

“घरापासून.”

“म्हणजे?”

“अंतर हो. पहिलं दीड किलोमीटर, शेवटचं घोडबंदरला. त्याच्या पुढे ट्रॅफिक. पोर दुपारी जेवायला घरी आली पाहिजे ना!”

“पोपटभाऊ, चार वर्षांचं शिक्षण आहे, खानावळ नाही.” दर्शनाने कपाळावर हात दाबला. “करिश्मा, तुला काय करायचंय?”

“कॉम्प्युटर चालेल.”

“चालेल?”

“सगळे तेच घेतात ना.”

बाबा अशा वेळी गप्प बसत. समोरचा बोलेपर्यंत चष्मा पुसत राहत. दर्शनाला ते कधी जमलं नव्हतं. “सगळे म्हणजे कोण? बत्तीस ठिकाणी तू नाव घालतेयस. तुझं डोकं कुठे आहे?”

 करिश्मा हळूच म्हणाली, “सरांनी मला एप्रिलमध्ये तीन ठिकाणी पाठवलेलं. मी जाऊन आलेले. पण सर अॅडमिट झाले. सांगायचं राहिलं.”

दर्शना उठली. कपाटातून वही काढली. लिहिलेल्या पानांपैकी शेवटच्या पानावर हिरव्या शाईत करिश्माचं नाव होतं. अक्षर थरथरलेलं. मितेशचं सॉफ्टवेअर ऑफिस, घोडबंदर. कृतिका आर्किटेक्ट, ठाणे. सखाराम, जमीन मोजणी, कल्याण. पुढचा रकाना कोरा.

“बोल. कंटाळा कशाचा आला?” तिने विचारलं आणि बाबांचा प्रश्न आपल्या तोंडून ऐकून तिलाच कसंतरी झालं.

“मितेशदादाच्या ऑफिसात सगळ्याचाच. कोण कोणाशी बोलत नाही. अकरा वाजल्यापासून मी घड्याळ बघत होते.”

“कृतिकाकडे?”

“तिथे नकाशात एकच संडास पाच वेळा काढला. गिऱ्हाइकाला दार नको तिकडे.”

“आणि सखारामकाकांकडे?”

“मोजणीची काठी धरून उभं राहायचा कंटाळा.” ती जरा पुढे सरकली. “डोक्यावर ऊन. ते लांबून यंत्रात बघणार आणि ओरडणार, सरळ धर! दीड तास. मग हिशोब चार सेंटीमीटरने चुकला. परत पहिल्यापासून. मी म्हटलं, आता काय! पण कुठे चुकलं ते बघितल्याशिवाय निघवेना. सापडलं तेव्हा सहा वाजलेले. मोबाइल दिवसभर बॅगेतच राहिला.”

“कंटाळा आला ना पण?”

“लय आला. पण तो चालेल.”

हाही ‘चालेल’च, पण मघाचा नव्हे.

“म्हणजे सिव्हिल. मोजणी त्यातच शिकवतात,” दर्शना म्हणाली.

पोपट ताडकन उभा राहिला. “अरे पण! माझ्या बापाने जिंदगीभर मोजणीवाल्याला चहा पाजला. आता पोरीला मोजणीवाली करू?”

“मग चहा घरातच राहील ना, पप्पा,” करिश्मा म्हणाली.

“तू गप गो! ताई, सर काय बोलले असते ते सांगा. मी ऐकेन.”

“ते काहीच बोलले नसते! त्यांनी आयुष्यात कुणाला उत्तर दिलं नाही, त्याचाच तर मला संताप यायचा.” तिचा आवाज चढला, तसा तिने तो आवरला. गेल्या दिवाळीत बाबांनी तिलाही विचारलं होतं, विमा कंपनीत बावीस वर्षं झाली, कंटाळा कशाचा येतो गं? जेवण गार होतंय, म्हणाली होती ती. “पोपटभाऊ, पाचला दहा मिनिटं कमी आहेत. यादी तिची तिला लावू द्या.”

करिश्माने आपला फोन हातात घेतला. बोटं भराभर चालली. कॉम्प्युटर गेलं, सिव्हिल आलं, चांगली कॉलेजं वर गेली. पहिलंच कॉलेज नव्याने घातलेलं, अंबरनाथच्या पुढचं. शेवटी पडद्यावर चौकट आली. ओटीपी पोपटच्या नंबरवर जाणार होता.

पोपटचा मोबाइल टुणकन वाजला. तो त्याच्याकडे बघत उभा राहिला.  दर्शनाने टेबलावरचा बाबांचा चष्मा उचलला आणि पदराने पुसायला घेतला.

“चार,” पोपट म्हणाला. “सात. शून्य... थांब, शून्य का आठ? माझा चष्मा पण ना!”

“पप्पा, आण इकडे!”

“मी सांगतो ना! आठ. दोन. दोन. नऊ.”

पाचला तीन मिनिटं असताना फॉर्म गेला. पोपटने घाम पुसला.

“अंबरनाथच्या पुढे,” तो स्वतःशीच म्हणाला. “म्हणजे आता डबा द्यायला लागेल.”

“भाजी सुकी द्या,” दर्शना म्हणाली.

बापलेक गेल्यावर तिने बाबांचं हिरवं पेन शोधलं. शाई सुकलेली. मग आपल्याच निळ्या पेनने रकान्यात लिहिलं, ‘काठी धरून उभं राहणे. सोसवेल म्हणते.’