जुळ्यांमधली लाकडी

मी एक जुनी लाकडी बाहुली आहे, वीतभर उंचीची. मित्रांनो, माझा जन्म नायजेरियातल्या एका योरुबा गावात झाला. तिथे जुळ्यांपैकी एक मूल गेले, की त्याच्यासाठी बाहुली कोरून घेतात. आई तिला मुलासारखे न्हाऊ घालते, भरवते. तायवोची जुळी बहीण आठव्या दिवशी गेली, म्हणून मी आले. पुढे आई थकली आणि माझे सगळे तायवो करू लागली. रोजच्या हातांनी माझे नाक झिजून सपाट झाले. आमच्याकडे त्यालाच माया म्हणतात.

१९९६ साली तायवो मला घेऊन नर्स म्हणून कुवेतला आली. फिंतास या किनाऱ्यालगतच्या वस्तीतल्या फ्लॅटमध्ये तिच्या खोलीत मालवणची रत्नमाला राहायची. ती लॅबमध्ये रक्त तपासायची. तायवो कॅथलिक होती. तिने मला कॉस्मास आणि दामियन या जुळ्या संतांच्या तसबिरीशेजारी ठेवले.

"हे दोघे कोण?" रत्नमालेने विचारले.

"जुळ्यांना सांभाळणारे संत. आजी म्हणायची, हे संत आणि ही बाहुली एकच."

दर रविवारी तायवो माझ्यापुढे शिजवलेली चवळी ठेवायची.

"तुझा देव चवळीवर भागवतो," रत्नमाला म्हणाली. "आमच्याला एकवीस मोदक लागतात."

तायवो हसली. 'देव' हा शब्द तिने दुरुस्त केला नाही.

दोन वर्षांनी तायवो महिनाभराच्या रजेवर गेली. सामान हरवेल या भीतीने तिने मला नेले नाही. एसीच्या कोरड्या हवेत माझ्या कपाळाला तडा गेला. तायवो परतण्याच्या आदल्या दिवशी तो रत्नमालेला दिसला. भंगलेली मूर्ती घरात ठेवू नये, हे ती लहानपणापासून ऐकत आली होती. तिने अंघोळ केली, मला हळदकुंकू, फुले वाहिली, किनाऱ्यावर नेले आणि कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून तीन वेळा बुडवले. मी तिन्ही वेळा वर आले; माझे लाकूड पाण्यापेक्षा हलके आहे. मग नमस्कार करून तिने मला सोडले. मला भीती वाटली नाही. काहीच वाटले नाही.

"मी नीट विसर्जन केलं," दुसऱ्या दिवशी ती तायवोला म्हणाली. "फुलंपण वाहिली."

"कुणाचं?"

"तुझ्या देवाचं. तडा गेला होता."

तायवो पलंगावर बसली. "रत्ना, ती माझी बहीण होती."

त्यानंतर ड्यूटी संपली की दोघी किनारा धुंडाळत. पाचव्या दिवशी मी शेवाळात रत्नमालेलाच सापडले. तडा हनुवटीपर्यंत उतरला होता. तायवोने मला रुमालात गुंडाळले. ती रडली नाही.

"हिचं नाव काय?" रत्नमालेने विचारले.

तायवोने रुमालाचे टोक बाजूला केले. "केहिंदे."

रत्नमालेने ते दोनदा म्हणून पाहिले. दुसऱ्यांदा बरोबर आले.

मित्रांनो, दुसऱ्याच्या घरातली एखादी गोष्ट आपल्या ओळखीची वाटली, की जरा थांबा. तिची काळजी घ्यायची असेल, तर आधी तिचे नाव विचारा.