सांतोरिनीची काळूबाई

पोशीर गावच्या गंगाबाईला ग्रीस देशात जायची हौस अजिबात नव्हती. तिचा मुलगा श्रीपत एका ग्रीक मालबोटीवर स्वयंपाकी होता. एकदा भर समुद्रात कप्तानाचं पोट बिघडलं, तेव्हा श्रीपतने त्याला नुसत्या तांदळाच्या पेजेवर ठेवून बरा केला. तेव्हापासून तो मनोलिस कप्तान त्याला धाकट्या भावासारखं वागवायचा. त्र्याऐंशी सालच्या मे महिन्यात बोट दुरुस्तीला लागली, तसा कप्तान म्हणाला, बायकामुलांना घेऊन आमच्या सांतोरिनी बेटावर ये, माझ्याच घरी राहा. श्रीपतने बायकोची तयारी केली, मुलीची केली, आणि आईला एकटी टाकून कसं जायचं म्हणून तिचीही केली.

गंगाबाईने विचार केला, भाताच्या रोपांसाठी राब भाजून झालाय, पेरणीला अवकाश आहे, पोरगा एवढं म्हणतोय तर जाऊ. सून सुंदरा मात्र ही बातमी ऐकून एकदम गप्प झाली. विमानाला घाबरली असेल, असं गंगाबाईने धरलं आणि सुकट, तांदळाचं पीठ नि मसाल्याची पुरचुंडी बांधायला घेतली.

बेट दिसलं तेव्हा तिला वाटलं, गावाकडच्या कोंडाण्याच्या लेण्यांवरचा कडाच कोणी उचलून समुद्रात उभा केलाय. कड्याच्या माथ्यावर चुन्यासारखी पांढरी घरं. श्रीपतने सांगितलं की मागे कधीतरी इथला डोंगर पेटला, मधोमध फुटला आणि समुद्रात बसला. हे राहिलंय ते त्याचे काठ. पेटलेल्या डोंगराच्या काठावर माणसं घर बांधतात, यावर गंगाबाईचा विश्वास बसेना. कप्तान दिसायला तरी शहाणा होता.

धक्क्यापासून वर गावात जायला दगडी पायऱ्यांची नागमोडी वाट होती आणि गाढवं होती. एकावर सुंदरा बसली, एकावर श्रीपतने लेकीला, छोट्या पदूला, पुढ्यात घेतलं. गंगाबाईला सगळ्यांत गरीब दिसणाऱ्या करड्या गाढवावर बसवलं. गाढवं आपापली चालत, हाकणारा मागून गप्पा मारत येई. माथ्यावर पोचल्यावर बाकीची गाढवं थांबली. करडं थांबलं नाही. ते बाजारातून गेलं, गल्लीतून गेलं आणि द्राक्षांच्या मळ्यांच्या वाटेला लागलं. गंगाबाईने आधी त्याला हळूच सांगितलं, मग रागावून सांगितलं, पण गाढवाला पोशीरची भाषा कळत नव्हती. शेवटी ती नशिबावर हवाला ठेवून खोगीर धरून बसून राहिली.

गाढव थेट आपल्या गोठ्यात जाऊन उभं राहिलं. दारात डोक्यापासून पायापर्यंत काळे कपडे घातलेली एक म्हातारी डाळ निवडत होती. गोठ्यात गाढवावर बसलेली नऊवारीतली बाई पाहून तिने हातातलं ताट खाली ठेवलं. पुढे येऊन तिने गंगाबाईला उतरवून घेतलं, पाणी दिलं, मग छातीवर हात ठेवून आपलं नाव सांगितलं: कालिओपी.

"काळूबाई," गंगाबाई म्हणाली. "मी गंगाबाई."

काळूबाईने आपल्या काळ्या कपड्यांकडे आणि मग आभाळाकडे बोट केलं. गंगाबाईने आपल्या मोकळ्या कपाळावर बोट टेकवलं. एवढ्यात दोघींची ओळख पटली. मग गंगाबाई डाळ निवडायला बसली. दोघी आपापल्या भाषेत बोलत राहिल्या, आणि उलट उत्तर येत नसल्याने दोघींचंही बोलणं मनासारखं पुरं झालं. डाळ शिजल्यावर गंगाबाईने चव घेतली, कमरेची पुरचुंडी सोडली आणि चिमूटभर मसाला टाकला. काळूबाईला ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आलं, पण तिने वाटी पुन्हा भरून घेतली.

ऊन उतरताना गंगाबाई गच्चीवर बसली होती. खालच्या वाटेने दोन माणसं येताना दिसली. श्रीपत आणि सुंदरा. पदूला कप्तानाच्या बायकोपाशी ठेवून दुपारपासून दोघं गावभर तिला शोधत होती आणि शेवटी गाढव हाकणाऱ्याने ठिकाण सांगितल्यावर इकडे निघाली होती, हे तिला नंतर कळलं. आत्ता दिसलं ते एवढंच, की दोघं हातात हात घालून चालली होती. सुंदरा काहीतरी सांगत होती आणि श्रीपत मान मागे टाकून हसत होता. लग्नाला आठ वर्षं झाली, पण आपला पोरगा बायकोशी असं हसताना गंगाबाईने कधी पाहिला नव्हता. तो वर्षातून एकदा घरी यायचा, आणि आला की रात्रीपर्यंत आईच्याच पुढ्यात बसलेला असायचा. सुंदराच्या त्या दिवशीच्या गप्प बसण्याचा अर्थ तिला आता लागला. आपण मध्ये आलो, हे समजायला गाढवावरून एवढ्या लांब यावं लागलं.

तिला पाहताच दोघांनी हात सोडले. सुंदरा धावत वर आली, रडली आणि रडता रडता सासूला बोललीसुद्धा, की गाढव थांबत नव्हतं तर उडी मारायची होती. गंगाबाईने ऐकून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा गुडघा धरला. श्रीपत समुद्रावर न्यायला आला होता. ती म्हणाली, वाळूत चालवणार नाही, मला आपलं त्या करड्या गाढवावर बसवून द्या, ते बरोबर नेतं, आणि पदूला पण द्या माझ्याबरोबर. श्रीपत नको म्हणत होता. सुंदराने पदूची वेणी घालायला घेतली.

मग रोज तसंच चाललं. सकाळी गुडघा धरायचा, गाढव यायचं, आणि नात-आजी काळूबाईकडे जायच्या. गंगाबाईने तिला तांदळाची भाकरी शिकवली. काळूबाईने द्राक्षाच्या पानात भात गुंडाळायला शिकवलं. भाताला एवढं झाकून ठेवायचं कारण गंगाबाईला शेवटपर्यंत कळलं नाही. दोघींचं एकदा भांडणही झालं, कशावरून ते दोघींनाही कळलं नाही, आणि जेवताना मिटलं.

शेवटच्या दिवशी कप्तानाने सगळ्यांना होडीत घालून समुद्राच्या मधल्या काळ्या बेटावर न्यायचं ठरवलं. डोंगराची आग तिथे अजून जिवंत होती. गंगाबाई म्हणाली, पेटल्या चुलीवर कोण सहलीला जातं, मी आपली काळूबाईकडे बसते. पण सुंदरा सासूपुढे हटून बसली, की आत्या, तुम्ही नाही तर मी पण नाही. मग गंगाबाईला उठावंच लागलं.

बेटावर गवताची काडी नव्हती. राब भाजल्यासारखी काळी जमीन, आणि फटींतून धूर. श्रीपत, पदू आणि कप्तान पुढे गेले. चढावर गंगाबाईचा पाय जरा घसरला, तशी सुंदराने तिला दंडाला धरलं.

"आत्या, आज गुडघा दुखत नाय वाटतं," ती म्हणाली.

"नाय. आज बरा हाय."

"सकाळचा दुखतो नि सांजच्याला बरा होतो. असला गुडघा मी पयल्यांदाच बगितला."

गंगाबाईने सुनेकडे पाहिलं. सुंदरा पुढे बघत होती, पण तिच्या ओठांच्या कडा हलत होत्या.

"तुमी दोघं काय करत होता गं दिवसभर?" गंगाबाईने विचारलं.

"काय नाय. बसायचो. बोलायचो. लई बोलायचं ऱ्हायलं होतं."

"मंग संपलं का?"

"नाय."

"पुढल्या टायमाला श्रीपत घरी आला ना, का मी चार दिस पदूला घेऊन पेणला माज्या बहिणीकडं जाईन. तिला गाढव नाय, पर यष्टी थेट दाराशी जाते."

सुंदरा हसली आणि हसता हसता तिने पदराने डोळे टिपले, धुराने असेल. वरून श्रीपत हाका मारत होता, की लवकर या, इथून डोंगराचं तोंड दिसतंय. गंगाबाईने त्याला हातानेच थांब म्हणून सांगितलं, एका कोमट दगडावर बैठक मारली आणि सुनेला शेजारी जागा करून दिली.