कोऱ्या थाळीतलं विष

सभागृहात मुंगीला शिरायला जागा नव्हती. सगळ्यांच्या माना एकाच काचेच्या थाळीकडे वळलेल्या. थाळीत मूठभर माती. पांढरा कोट घातलेल्या नॅनोबाबाने तिच्यावर काळंभोर नॅनोजल ओतलं, डोळे मिटले आणि आपला तांब्याचा दंड थाळीखालून फिरवला. त्या काळ्या द्रवातून साळिंदरासारखे चकचकीत काटे उभे राहिले. दंड सरकला तसे काटेही सरकले. पुढच्या रांगेतल्या एक आजी घाबरून मागे झाल्या.

"हे तुमच्या मातीतलं विष," बाबा म्हणाला. "इतकं बारीक, की सरकारी यंत्राला दिसायचं नाही. त्या विषाला फक्त माझ्या कणांची भाषा कळते. वरची वीतभर माती मेली आहे. ती माझी माणसं फुकट उचलून नेतील. खालच्या मातीत मी नॅनोचूर्ण टाकीन. तीन महिन्यांत सोनं पिकेल."

फुकट म्हटलं की भल्याभल्यांची अक्कल गहाण पडते. टाळ्यांचा कडकडाट झाला.

मागे उभ्या ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. माती तपासणीच्या प्रयोगशाळेत तिची हयात गेली होती, आणि थाळीतली माती होती तिच्या सख्ख्या धाकट्या भावाची. त्याने आणि वहिनीने बारा वर्षं पालापाचोळा कुजवून भाजीच्या मळ्याची ती जमीन भुसभुशीत केली होती. आज सकाळपासून बाबाचे ट्रक मळ्याच्या खालच्या तुकड्यात लागले होते. दुपारी वरचा तुकडा खरवडायचा होता. ताई अडवायला गेली, तर भाऊ म्हणाला होता, "तुझ्या अहवालात हे विष कधी आलं नाही ताई. म्हणजे तुझं यंत्रच जुनं."

ती गर्दी कापत पुढे गेली. "आता हेच माती न घालता करा," ती म्हणाली.

"माती न घालता?" बाबा हसला.

"आमच्याकडे प्रत्येक तपासणीबरोबर एक कोरा नमुना चालवतात. माती नाही, बाकी सगळं तेच. त्यात काही निघालं, तर खोट मातीत नसते, आपल्या बाटलीत असते."

"अश्रद्ध माणसापुढे कण जागे होत नाहीत, बाई."

"मग तर झोपूनच राहतील. तुम्ही कशाला घाबरता?"

भावाशेजारी बसलेल्या वहिनीने आपल्या डब्याचं प्लॅस्टिकचं झाकण पुढे केलं. बाबाने दंड पाठीमागे लपवला, तो मागच्या लोखंडी खांबाला खाडकन चिकटला. ओढता ओढता बाबा घामाघूम झाला. लोक हसू लागले. शेवटी दोघांनी तो उपटून वहिनीच्या हातात दिला. ताईने कोऱ्या झाकणात काळं जल ओतलं, वहिनीने खालून दंड फिरवला. तेच काटे तसेच उभे राहिले.

"तांब्याच्या नळीत लोहचुंबक आहे," ताई म्हणाली. "आणि हे जल म्हणजे तेलात मिसळलेले लोहसंयुगाचे अतिसूक्ष्म कण. चुंबक जवळ आला की ते असेच उभे राहतात. नॅनो खोटं नाही, म्हणून तर जास्त चीड येते. खत म्हणून जस्ताचे असे कण आम्ही आधी कुंडीत वापरून बघतो, मग एका वाफ्यात. मात्रा चुकली तर मातीतले उपयोगी जीवाणूच मरतात. त्यासाठी कुणी जमीन सोलत नाही."

"मग हा मेलेली माती नेतो कशाला?" वहिनीने विचारलं.

"बंगल्यांच्या बागांना विकायला. गेल्या आठवड्यात आमच्याकडे तपासायला एक गोणी आली. 'अस्सल सुपीक माती'. वर ह्याच्याच संस्थेचा शिक्का, तो आज ह्या बाटलीवर पाहून ओळखला."

भाऊ बाहेर धावत सुटला. त्याच्यामागे सगळेच धावले. बाबाला दोघांनी दारातच धरून ठेवलं.

वरचा तुकडा वाचला. खालच्या तुकड्यात फिकट, दगडासारखी जमीन उघडी पडली होती. ट्रक केव्हाच निघून गेले होते. भावाने कुदळ मारली, ती ठणकन उडाली.

"किती वर्षं लागतील, ताई?"

"आधी लागली तेवढी."

तो मटकन खाली बसला. ताईने त्याला जवळ घेतलं नाही. तिला त्याचाही राग आला होता. ती जमलेल्या लोकांकडे वळली.

"बाबा तुरुंगात जाईल, पण ही माती परत येणार नाही. टाळ्या तुम्ही वाजवल्यात. उद्या दुसरा कुणी कोट घालून येईल. त्याच्या पाया पडण्याआधी पुरावा मागा. पुरावा मागितल्यावर जो चिडतो, त्याला वेशीवरूनच परत पाठवा."

वहिनी वरच्या तुकड्याच्या बांधावर जाऊन उभी राहिली होती, आणि तिथून हलायला तयार नव्हती.