माझ्या टोकातला निळा तंतू

थांबा मित्रांनो! आधी हात लावू नका. हातमोजे घातलेत का? याआधी कशाला शिवलात? हे कळल्याशिवाय मी कोणाशी बोलत नाही. राग मानू नका, माझा स्वभावच तसा पडला. मला जुना म्हणा, म्हातारा म्हणा, काहीही म्हणा, पण मी पोस्टाची तिकिटं उचलणारा चिमटा नव्हे. खून झालेल्यांच्या आणि हरवलेल्यांच्या वस्तू जिथे तपासतात त्या प्रयोगशाळेत मी एकतीस वर्षं चाकरी केली. केस, कापडाचे तंतू, रंगाचे कपटे, काचेचे कण, सगळं माझ्या टोकांतून गेलं. आज मी एका खाकी पाकिटात बंद आहे आणि पाकिटाच्या तोंडावर लाखेची मोहोर आहे. चोरासारखा इथे का येऊन पडलो, तेच तुम्हाला सांगायचं आहे.

माझा जन्म डॉक्टरी हत्यारांच्या कारखान्यात झाला. पोलादाच्या पट्ट्या कापून, वाकवून झाल्या की एक कारागीर हाताने टोकं घासायचा. घासून झालं की मला उजेडाकडे धरायचा. मिटलेल्या टोकांमधून जराशी फट दिसली की "छट्!" म्हणून पुन्हा कानस चालवायचा. त्याच्या त्या छट्‌ला मी वैतागलो होतो. शेवटी फट दिसेनाशी झाली, तेव्हा त्याने मला पुसून पेटीत ठेवलं. निघालो तो असा की, केस कितीही बारीक असो, माझ्या तावडीतून सुटायचा नाही.

प्रयोगशाळेत मला पहिल्यांदा हातात घेतलं ते मोठ्या सरांनी. तिथले सगळ्यांत जुने तज्ज्ञ. त्यांच्या हाताखाली एक नवी मुलगी शिकायला आली होती. सर तिला म्हणाले होते, "संशय घ्यायला शीक. पण क्रम चुकवू नकोस. पहिला संशय आपल्या हातावर, मग हत्यारावर, मग टेबलावर. आरोपीचा नंबर सगळ्यांत शेवटी." निवृत्त झाले त्या दिवशी सरांनी मला तिच्या तळहातावर ठेवलं. पुढे ती मुलगी तज्ज्ञ झाली, केस पिकले, सगळे तिला नुसतं 'बाई' म्हणू लागले.

आमच्या बाई म्हणजे कडक काम. चष्मा दोरीला बांधलेला, बोलणं मोजकं, आणि मला कोणी हात लावलेला त्यांना अजिबात खपायचा नाही. प्रत्येक कामानंतर मला स्पिरिटने तीनदा पुसायच्या. त्यांचा एक नियम होता: जुळणीसाठी घरून आलेला नमुना आणि गुन्ह्याच्या जागेवरची वस्तू एकाच दिवशी एकाच टेबलावर उघडायची नाही. तपास अधिकारी घाईला आले की बाई मान वर न करता म्हणायच्या, "उद्या." एवढंच.

खोटं कशाला बोलू, त्या दिवसांत मी ऐटीत होतो. एकदा कोटाच्या कॉलरमधून एकच पांढरा केस मी अलगद काढला आणि सहा महिने साळसूदपणे फिरणारा पुतण्या पकडला गेला. बाईंचं कौतुक झालं. माझं नाव कोण घेणार? पण बाईंनी त्या दिवशी मला पुसताना अंगठ्याने हलकेच थोपटलं. मला तेवढं पुरलं.

आता तात्यांबद्दल सांगतो. तात्या म्हणजे आमच्या विभागातले परिचर. काचा धुणं, लेबलं चिकटवणं, कपाटांच्या किल्ल्या सांभाळणं ही त्यांची कामं. माणूस मायाळू, पण बाईंच्या तोंडाला टरकून असायचा. एके दिवशी बाई कोर्टात साक्षीला गेल्या होत्या. सूक्ष्मदर्शकाखालच्या खणाची किल्ली तात्यांच्या हातून कुलपातच तुटली. बाई यायच्या आत ती निघायला हवी होती. तात्यांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं आणि मला उचललं.

अहो, मी कुलपात घुसायला जन्मलो होतो का! कट्ट असा आवाज झाला. किल्लीचा तुकडा निघाला आणि माझ्या डाव्या टोकाला आतून एक खाच पडली. डोळ्याला दिसणार नाही इतकी बारीक. पण तात्यांनी टोकावरून बोट फिरवलं तेव्हा ते अडकलं. "आयला!" म्हणून त्यांनी बोट तोंडात घातलं. मग मला पुसून, होतो तसा जागेवर ठेवलं. संध्याकाळी बाई आल्या तेव्हा तात्या नेहमीपेक्षा जास्तच गोड बोलत होते. मला सगळं कळत होतं. पण पोलाद कसं बोलणार? आणि खरं सांगू, एवढ्याशा खाचेने काय होतंय, अशी समजूत मीही मनाची घातली.

पंधरा दिवसांनी निळ्या स्वेटरचं प्रकरण आलं.

एका फर्निचरच्या दुकानात काम करणारी तरुणी संध्याकाळी दुकानातून निघाली ती घरी पोचलीच नाही. अंगात निळा लोकरी स्वेटर होता. तिच्या आईने दोन्ही मुलींना एकाच लोकरीचे, एकाच नमुन्याचे स्वेटर विणले होते. म्हणून थोरल्या बहिणीने, ती शाळेत शिकवायची, आपला स्वेटर जुळणीसाठी आणून दिला. संशय होता लाँड्रीच्या गाडीच्या ड्रायव्हरवर. धाकटीला त्याच्या गाडीपाशी बोलताना दोघांनी पाहिलं होतं. तो म्हणत होता, "घरी सोडाल का विचारलं तिने. माझ्या सीटवर कपड्यांची गाठोडी होती, मी नाही म्हटलं. ती गाडीत बसलीच नाही." असं सगळेच म्हणतात. माझा तर त्याच्यावर पहिल्या दिवसापासून संशय होता.

गाडीच्या सीटवर चिकटपट्टी दाबून जे काही निघालं ते त्याच सकाळी पाकिटातून आलं. तपास अधिकारी म्हणाले, "बाई, आजच बघा. वरून सारखे फोन येतायत."

"दुसऱ्या टेबलाचा दिवा बंद आहे. उद्या."

अधिकारी दाराकडे वळले. पण थोरली बहीण तिथेच उभी होती. तिने बाईंचा हात धरला. "बाई, ती कुठेतरी कोंडलेली असेल तर? तिला एक दिवस म्हणजे किती असेल हो?"

बाईंनी हात सोडवून घेतला नाही. मला वाटतं, तिथेच त्यांचा नियम वितळला.

सकाळी थोरलीचा स्वेटर उघडला. मी त्यातून दहा-बारा तंतू काढून काचेवर ठेवले. मग बाईंनी टेबल पुसलं, कागद बदलला, हातमोजे बदलले, मला तीनदा पुसलं. दुपारी त्याच टेबलावर सीटची पट्टी उघडली. पट्टीवर धूळ, कुत्र्याचे केस, कपड्यांचे पांढरे धागे. आणि मी ते उचलून ठेवलं त्या काचेवर एक निळा तंतू! रंग जुळला, जाडी जुळली, लोकर जुळली. बाईंनी अहवालावर सही केली. त्याच संध्याकाळी ड्रायव्हरला मुलगी पळवल्याच्या आरोपाखाली आत टाकलं. मनात म्हटलं, बरी खोड मोडली.

तपास अधिकारी खुशीत येऊन म्हणाले, "मानलं बाई तुम्हाला! पठ्ठ्या अजून कबूल करत नाही, मुलगी कुठे ते सांगत नाही. पण जातोय कुठे? त्याची बायको दोन लेकरं घेऊन रोज चौकीच्या पायरीवर बसते, तिचाच काय तो त्रास."

बाई हसल्या नाहीत. अधिकारी गेल्यावर त्या स्वतःशीच पुटपुटल्या, "एकच?"

तो 'एकच' त्यांना काही केल्या स्वस्थ बसू देईना. लोकरी स्वेटर घातलेलं माणूस सीटवर बसलं तर मागे बरेच तंतू सोडतं. इथे एकच कसा? तीन आठवडे त्या तशाच धुसफुसत राहिल्या. तात्यांनी चहा आणून ठेवला की तो तसाच गार व्हायचा. शेवटी एका सकाळी त्यांनी ती काच पुन्हा काढली आणि सूक्ष्मदर्शकाखाली तासभर पाहत बसल्या. मग त्यांनी फोन उचलला आणि थोरलीला लावला.

"तुम्ही वर्गात खडूने लिहिता?"

"हो, रोजच. का हो?"

"तुमची बहीण तुमचा स्वेटर घालायची कधी?"

"छे! ती माझ्या निम्मी. तिला तो गुडघ्यापर्यंत आला असता. आणि ती राहायची दुसऱ्या टोकाला, महिनोन्‌महिने भेट नसायची आमची. पण झालंय काय?"

"त्या लाँड्रीच्या गाडीत तुम्ही कधी बसला होतात?"

"मी ती गाडी डोळ्यांनी पाहिलीसुद्धा नाही."

बाईंनी फोन ठेवला. गाडीतला म्हणून धरलेल्या त्या निळ्या तंतूला खडूची पूड चिकटलेली होती. म्हणजे तो धाकटीचा नव्हताच, थोरलीचा होता. आणि थोरलीचा स्वेटर नि गाडीची पट्टी फक्त एकाच ठिकाणी उघडली गेली होती. या टेबलावर.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. एकतीस वर्षांत त्या नजरेने त्यांनी माझ्याकडे कधी पाहिलं नव्हतं. आरोपीच्या वस्तूकडे पाहायच्या, अगदी तशी. मला चिमटीत धरून त्यांनी माझंच टोक सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं. डावीकडे आतून खाच. आणि खाचेत घट्ट अडकून बसलेला आणखी एक निळा तंतू.

जगभर संशय घेत फिरलो मी मित्रांनो, आणि स्वतःच्या टोकावर एकदाही घेतला नाही. त्या क्षणी वाटलं, मला वितळवून टाका.

तात्या काचांचा ट्रे घेऊन उभे होते.

"तात्या, हे कशाने झालं?"

"पडला असेल कधीतरी, बाई." महिन्याभराने ते निवृत्त होणार होते.

"बरं," बाई म्हणाल्या.

तात्या दारापर्यंत गेले. ट्रेमधल्या काचा किणकिणत होत्या. मग ते मागे फिरले. "पडला नाही. तुटलेल्या किल्लीचा तुकडा काढला मी त्याने. बोट अडकलं होतं माझं, तेव्हाच कळलं होतं."

"मग सांगितलं का नाहीत?"

"तुमच्या शिव्यांना भ्यालो."

"शिव्या तर मी घातल्याच असत्या," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज मात्र चढला नाही. "पण तो माणूस आत गेला नसता." त्यांनी नोंदवही पुढे ओढली. "आणि मी नियम मोडला नसता, तरीही गेला नसता. बसा इथे. तुमचंही लिहू, माझंही लिहू."

तपास अधिकारी तणतणत आले. "बाई, अहवाल मागे घेताय? वेड लागलंय का? वकील तुमचे वाभाडे काढतील. इतक्या वर्षांचं नाव मातीत जाईल!"

"जाऊ दे. ती पायरीवर बसलेली बाई आधी घरी जाऊ दे."

चौतिसाव्या दिवशी ड्रायव्हर सुटला. मग कुठे त्याला साक्षीदार म्हणून खुर्चीवर बसवून नीट विचारलं. तो म्हणाला, "मी नाही म्हटल्यावर ती पुढे चालली होती. तेवढ्यात दुकानाच्या मालकाने शटरमधून हाक मारली, म्हणून ती परत आत गेली. हे मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. साहेब म्हणाले, गोष्टी रचू नकोस."

दुकानामागच्या गोदामात, नव्याने बसवलेल्या फरशीखाली धाकटी सापडली. डॉक्टरांचं मत पडलं की ती हरवली त्याच संध्याकाळी गेली होती. ज्या एका दिवसासाठी बाईंनी नियम मोडला, त्या दिवशी वाचवायला ती उरलीच नव्हती. उलट आमच्या चुकीने मालकाला चौतीस दिवस मिळाले आणि त्याने गोदाम दोनदा धुऊन काढलं. तरी माल हलवायच्या हातगाडीच्या चाकात, आसाला गुंडाळलेले निळे तंतू निघाले. एक नाही, चांगले सतरा. खडूचा कणही नसलेले. ते काढले नव्या चिमट्याने. मी ते शेजारच्या ताटलीतून पाहिलं.

थोरली एकदा येऊन गेली. डोळे सुजलेले. म्हणाली, "माझ्याच स्वेटरने त्या बिचाऱ्याला अडकवलं ना, बाई?"

"नाही," बाई म्हणाल्या. "माझ्या चिमट्याने."

मग बाईंनी पाकीट घेतलं. त्यावर स्वतःच्या हाताने लिहिलं: 'वस्तू – पोलादी चिमटा एक, जुना. डाव्या टोकास आतून खाच.' खाली छापलेलं होतं, 'कोणाच्या ताब्यातून जप्त'. तिथे त्यांनी स्वतःचं नाव घातलं आणि सही केली. तात्या लाख वितळवत होते. त्यांचा हात हलला आणि गरम लाखेचा थेंब बाईंच्या बोटावर पडला. "भाजलं का हो?" तात्यांनी घाबरून विचारलं. बाई म्हणाल्या, "भाजलं. बरं झालं, लगेच विचारलंत."

तेव्हापासून मी या फळीवर आहे. इथे काळोख आहे, आणि विचार करायला वेळही भरपूर आहे. मला गंजू देऊ नका, मला पुन्हा कामाला लावा, असलं काही मी मागणार नाही. माझं मागणं वेगळं आहे. मित्रांनो, तुमच्या हातून कोणाची वस्तू बिघडली, मोडली, तिला बारीकशी खाच जरी पडली, तर त्याच दिवशी सांगा. शिव्या बसतील, बसू द्या. खाच पडली हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, पण मला दोन टोकं आहेत, तोंड नाही. तुम्हाला आहे.