कुलपातला प्रोजेक्टर

"वस्तू आहे, पण देता येत नाही." हे उत्तर आपल्यापैकी कुणी ऐकलं नाही? शाळेत ऐकलं, कचेरीत ऐकलं, दवाखान्यातसुद्धा ऐकलं. आपण ते ऐकतो, दोन शिव्या मनातल्या मनात देतो, चहा पितो आणि विसरतो. पुढची हकिगत वाचल्यावर निदान तुम्ही तरी विसरणार नाही, अशी माझी अपेक्षा आहे.

१९८१ साल. भंडारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी एक कॉलेज होतं. सात वर्षांपूर्वी तिथे अनुदानातून एक स्लाइड प्रोजेक्टर, एक टेपरेकॉर्डर आणि रंगीत स्लाइडचे बारा डबे आले. हे सामान भौतिकशास्त्राचे प्राध्यापक मधुकरराव यांच्या ताब्यात होतं. माणूस सज्जन, वेळेचा पक्का, खडूचा तुकडादेखील घरी न नेणारा. पण पहिल्याच वर्षी कुणाच्या तरी हातून प्रोजेक्टरचा बल्ब गेला आणि तपासणीवाल्यांना उत्तरं देता देता मधुकररावांची दोन वर्षं गेली. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. मधुकररावांनी ताक पिणंच सोडलं! नवा बल्ब बसवला, प्रोजेक्टर कपाटात ठेवला आणि किल्ली आपल्या सायकलच्या किल्लीबरोबर एका दोऱ्यात ओवली.

कपाट उघडायचं ते वर्षातून एकदा, खंडेनवमीला. शेतकरी नांगर पुजतो, सुतार करवत पुजतो, तसं कॉलेज आपली यंत्रं पुजायचं. टेकचंद शिपाई प्रोजेक्टर काढून टेबलावर मांडी, मधुकरराव त्याला हळदकुंकू वाहत, झेंडूचा हार घालत, खोबरं वाटलं जाई आणि प्रोजेक्टर पुन्हा आत. देवालाही वर्षातून एकदा पालखीत घालून गावातून फिरवतात, ह्या यंत्राच्या नशिबी तेवढंही नव्हतं. नांगर पुजणारा त्याच नांगरानं शेतही नांगरतो, हे मात्र कुणाच्या ध्यानात आलं नाही.

त्या वर्षी जुलैत निर्मलाबाई प्राणिशास्त्र शिकवायला नव्यानं रुजू झाल्या. ऑगस्टमध्ये त्या मधुकररावांकडे आल्या.

"सर, प्रोजेक्टर आणि सापांच्या स्लाइडचा डबा दोन तासांसाठी हवा होता."

"अर्ज करा. त्यावर प्राचार्यांचा शेरा घ्या. आणि बिघाड झाल्यास सर्वस्वी मी जबाबदार, असं लिहून द्या."

"यंत्र आहे सर, बिघडू शकतं. माझी सगळी मुलं धानाच्या गावांतली आहेत. रोज बांधावर साप बघणारी. विषारी मण्यार आणि बिनविषारी कवड्या ह्यांच्यातला फरक फळ्यावर नाही दाखवता येत."

"आमच्या वेळी सगळं फळ्यावरच होतं. आम्ही शिकलो नाही का?" मधुकरराव म्हणाले आणि उत्तरपत्रिका तपासू लागले.

निर्मलाबाईंची नोकरी नवी, अजून कायमही झालेली नव्हती. 'सर्वस्वी मी जबाबदार' लिहून द्यायचं धाडस त्यांना झालं नाही. त्यांनी फळ्यावर खडूनं दोन साप काढले. दोन्ही काळे, दोन्हींवर पांढरे पट्टे. एकाखाली लिहिलं 'विषारी', दुसऱ्याखाली 'बिनविषारी'. मुलांनी ते वहीत उतरवून घेतलं.

त्या वर्गात आसगावची रुखमिणी होती. तिच्या घराण्यात दहावीच्या पुढे गेलेलं दुसरं कुणी नव्हतं. वडील गोमाजी आणि आई आनंदाबाई, तळ्याखालच्या तीन एकर धानावर जगणारी माणसं. "आमची पोरगी सायन्स शिकून राहिली," हे आनंदाबाई बाजारात भेटेल त्याला सांगत.

दसरा झाला, लवकर पिकणारं हलकं धान कापून घरात आलं. एका पहाटे खाली झोपलेल्या आनंदाबाईंच्या दंडाला काहीतरी टोचलं. मुंगी चावावी एवढंच. गोमाजीनं कंदील वर केला तर कोपऱ्यात रचलेल्या तणसाच्या पेंढ्यांजवळ साप. त्यानं काठीनं तो मारला. शेजारी गोळा झाले. कुणी म्हणालं जीप पाहतो, भंडाऱ्याच्या दवाखान्यात नेऊ. रुखमिणीनं कंदील घेऊन साप पाहिला. काळा, वर पांढरे पट्टे. मण्यार चावला तर सूज येईल, आग होईल, असं तिला वाटलं. इथे तर काहीच नव्हतं.

"बाबा, हा कवड्या आहे. याले जहर नसते. आमाले शिकवलं बाईनं."

शेजारी आनंदाबाईंकडे पाहू लागले. आनंदाबाई हसल्या. "माही पोरगी सांगून राहिली ना? मंग कायले जीपगाडी? जा बाप्पा, आपापल्या घरी जा." त्यांनी चूल पेटवली, चहा केला.

सकाळी आठच्या सुमारास त्यांच्या पापण्या जड झाल्या. नऊला बोलता येईना. जीप मिळाली तेव्हा दहा वाजले होते. भंडाऱ्याच्या वाटेवर, मुलीच्या मांडीवर डोकं असताना, त्यांचा श्वास थांबला.

तेरवी झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी गोमाजी कॉलेजात आला. आधी त्याला निर्मलाबाई भेटल्या. त्याचं बोलणं ऐकून त्यांना रडू आवरेना. त्या त्याला घेऊन तशाच मधुकररावांच्या खोलीत गेल्या.

"सर, मी आसगावचा गोमाजी. रुखमिणीचा बाप." तो खुर्चीवर बसला नाही. "लोकं म्हणून राहिले, शिकलेल्या पोरीनं मायले मारलं. पोरगी जेवत नाई, बोलत नाई. विहिरीवर जाते तं मी मागून जातो. मले भेव वाटते. ते दोन साप मले दाखवा. माह्या पोरीनं काहून चुकलं, ते मले पाह्यचं आहे."

"माझ्याकडे दाखवायला काही नाही," निर्मलाबाई म्हणाल्या. "जे आहे ते सरांच्या कपाटात आहे."

मधुकरराव सवयीनं म्हणाले, "त्यासाठी अर्ज..." आणि वाक्य अर्धवट टाकून उठले. त्यांनी किल्ली काढली.

प्रोजेक्टरवर इतक्या वर्षांचं हळदकुंकू साचलं होतं. हवेच्या जाळीतून ते आत उतरलं होतं. भिंगाला ओलाव्यानं बुरशी धरली होती. ज्याला हात लावू दिला नाही, ते यंत्र नुसतं ठेवूनच खराब झालं होतं! मधुकररावांनी ते पुसलं, टेकचंदनं खिडक्या लावल्या आणि भिंतीवर दोन साप उमटले. कडा पुसट होत्या, पण साप स्पष्ट होते.

"डावीकडचा कवड्या," निर्मलाबाई म्हणाल्या. "ह्याचे पट्टे मानेपासूनच सुरू होतात आणि शेपटीकडे फिके होत जातात. उजवीकडचा मण्यार. ह्याच्या मानेजवळ पट्टे जवळजवळ नसतातच, मागे जाता जाता जोडीनं ठळक होतात. हा चावला तरी सूज नाही, आग नाही. कळतच नाही."

गोमाजी भिंतीपाशी गेला. त्यानं उजव्या सापाच्या मानेवर बोट ठेवलं. "हाच. मानेजवळ कोरा होता तो." मग तो मागे वळला. "हे पोरीनं एक डाव पाह्यलं असतं तं?"

उत्तर मधुकररावांनी दिलं. "तर तिनं ओळखलं असतं." त्यांनी प्रोजेक्टरवर हात ठेवला. "मी ते जपून ठेवलं हो. कुणाच्या हातून बिघडू नये म्हणून."

"सर, मी अडाणी माणूस. पण येक सांगतो. आमच्या तळ्याचं पाणी सोडायले येक माणूस असते. लोकांनी त्याले सांगितलं, पाणी सोड, धान वाळून राहिलं. अन तो म्हणन, तळं खाली होईन, मी नाई सोडत. तं त्यानं तळं राखलं म्हणाव का धान मारलं म्हणाव? पाणी भरून ठेवलं ते कोणासाठी?" गोमाजीचा आवाज चढला नाही. "माही बायको तं गेली. आता पोरगी नोको जायले. तुमी गावात या अन सांगा का चूक कोणाची होती. मी सांगतो तं म्हणतात, बाप बोलून राहिला."

गावासमोर उभं राहून आपली चूक सांगायची! तपासणीवाल्यांना घाबरणाऱ्या माणसाला ही तपासणी केवढी भारी पडली असेल, विचार करा. पण लगेचच्या रविवारी मधुकरराव प्रोजेक्टर सतरंजीत गुंडाळून, मांडीवर घेऊन एस.टी.नं आसगावला गेले. निर्मलाबाई बरोबर होत्या.

शाळेच्या खिडक्यांना बारदान लावलं, भिंतीवर धोतर ताणलं. सगळं गाव आत दाटीवाटीनं बसलं. मागच्या भिंतीला टेकून रुखमिणी बसली होती. तिच्या आत्यानं, सत्यभामाबाईंनी, तिला हाताला धरून आणलं होतं. तिनं मान वर केली नाही.

स्लाइड दाखवून झाल्यावर मधुकरराव पुढे आले. "हे चित्र ह्या मुलीला दाखवायचं म्हणून बाईंनी मला मागितलं होतं. मी दिलं नाही. कपाटात कुलूप लावून ठेवलं. तिला जे शिकवायला हवं होतं ते आम्ही शिकवलं नाही. आनंदाबाईंच्या मरणाचा दोष कुणाला द्यायचा असेल तर मला द्या. ह्या मुलीला देऊ नका."

मग भय्याजी नावाचे एक म्हातारे म्हणाले, "मास्तर, आता तं समजलं. मानेजवळ पट्टे असन तं दवाखान्यात जायची गरज नाई, बराबर?"

"नाई!"

सगळे मागे वळले. रुखमिणी उभी राहिली होती. पंधरा-वीस दिवसांत गावानं तिचा आवाज ऐकला नव्हता. "ओळखत बसू नका, भय्याजी आबा. कंदिलात नाई ओळखू येत. चावला का दवाखान्यात न्या. कोणी किती बी शिकलेलं म्हणो, जहर नाई म्हणून, आयकू नका. माह्या मायनं माहं आयकलं." गोमाजी माणसांतून वाट काढत तिच्यापर्यंत गेला आणि त्यानं तिचं डोकं छातीशी धरलं.

दिवाळीनंतर रुखमिणी पुन्हा कॉलेजात येऊ लागली. ती पूर्वीसारखी कधीच हसली नाही. मधुकररावांनी कपाटाची किल्ली स्टाफरूममध्ये खिळ्याला टांगली. तीन वर्षांत प्रोजेक्टरचे चार बल्ब गेले आणि चारही वेळा त्यांनी तपासणीवाल्यांना मुकाट्यानं उत्तरं दिली.

वाचकहो, मधुकरराव दुष्ट नव्हते, म्हणून तर ही गोष्ट सांगायची. आपल्या प्रत्येकाकडे कसलं तरी कपाट सोपवलेलं असतं, आणि आपण राखणदार आहोत हे विसरून मालक होऊन बसतो. शिकवण्यासाठी आलेली वस्तू शिकवताना मोडली, तर ती कामी आली. ती न वापरता नवीच राहिली, तर तिची किंमत दुसरं कुणीतरी भरत असतं. आसगावात ती आनंदाबाईंनी भरली.